खेळणे म्हणून आलेला आवाज

मी एक जुना भुंगा आहे, मित्रांनो. मला पंख नाहीत आणि मी फुलावर बसत नाही. मी माणसाच्या गळ्यावर बसतो. आजारामुळे ज्यांच्या घशातले स्वरयंत्र डॉक्टरांना काढून टाकावे लागते, ती माणसे मला हातात धरून गळ्याला टेकवतात आणि माझे बटण दाबतात. मी गुणगुणतो. ती ओठ आणि जीभ हलवतात, आणि माझ्या गुणगुणण्याचे शब्द होतात. कागदावर माझे नाव लांबलचक आहे. भुंगा हे नाव मला लातूरजवळच्या औशाच्या बसम्मांनी ठेवले. मला तेच आपले वाटते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी मला स्वतःच्या गळ्याला लावून पाहिले, मान हलवली आणि निळ्या डबीत ठेवले. डबीवर ठळक अक्षरांत छापले होते की हे आजारी माणसाचे साधन आहे, जपून हाताळावे. मला त्या अक्षरांचा फार अभिमान होता. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडायला निघालो आहोत, एवढे मला कळत होते.

ज्यांच्या उपयोगी पडायचे होते ते ईश्वरप्पा औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलाव पुकारायचे. सोयाबीनच्या ढिगाजवळ उभे राहून त्यांनी बोली लावली की रस्त्यावरच्या बसमधली माणसे माना वळवत, असे लोक सांगतात. त्यांच्या पत्नी बसम्मा यांची नजर काचबिंदूने गेली होती. तेव्हापासून ईश्वरप्पा घरातही पुकारू लागले. "उंबरा हाय." "डाव्या अंगाला बाज हाय." "चहा गरम हाय, थांब जरा." बसम्मा त्या आवाजाच्या जोरावर घरभर न चाचपडता हिंडायच्या. शेजारणींना म्हणायच्या, "मोंढ्यातलं पुकारणं सरलं की ह्यांचं घरातलं सुरू होतंय."

मग ईश्वरप्पांच्या घशाला गाठ झाली. नांदेडला शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला एक छिद्र राहिले, त्यातून श्वास चालायचा. घरी आल्यावर खरी अडचण कळली. ते चिठ्ठी लिहू शकत होते, पण बसम्मा ती वाचू शकत नव्हत्या. हातवारे करू शकत होते, पण ते त्यांना दिसत नव्हते. शेवटी दोघांनी मिळून एक रीत काढली. बसम्मांनी विचारायचे आणि ईश्वरप्पांनी त्यांचा हात दाबायचा, एकदा दाबला तर हाव, दोनदा दाबला तर न्हाई.

"जेवलाव का?"

एकदा.

"दुखतंय का?"

दोनदा. तो दोनदा खोटा असायचा, हे बसम्मांना कळायचे. पण पुढे काय विचारायचे? हाव आणि न्हाई एवढ्यावर संसार चालत नाही, मित्रांनो.

नांदेडच्या दवाखान्यात वर्षाराणी नावाच्या बाई अशा रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवत. त्यांनी माझ्याबद्दल सांगितले. ईश्वरप्पांचे जावई अमरनाथ तिथेच होते. त्यांचे नांदेडला स्टेशनजवळ मोबाईलचे दुकान होते आणि परदेशातून सुटे भाग मागवायची त्यांना सवय होती. ते लगेच म्हणाले, "मामांचा आवाज मी आणतो. खर्च माझा." ते मनापासून बोलले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांना वाईट माणूस समजाल, आणि ते वाईट माणूस नव्हेत.

मागणी नोंदवताना त्यांची पत्नी अंबिका, म्हणजे ईश्वरप्पांची मुलगी, शेजारी बसली होती.

"किंमत कमी लिहा म्हणून कळवलंय," अमरनाथ म्हणाले. "आणि वर खेळणं लिहा म्हणलं, भेट पाठवतोय असं. खरं लिहिलं की सरकारचा कर, वरून कुरिअरवाल्यांचं वेगळंच."

"खेळणं कशाला? अप्पांच्या दुखण्याचं सामान हाय ते."

"अगं, सगळेच तसं करतेत. वर काय बी लिहू दे, आत तर तेच येणार हाय न्हवं?"

अंबिका गप्प बसली. पुढे तिला त्या गप्प बसण्याचे फार वाईट वाटले.

जर्मनीतल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचे, म्हणजे अमरनाथांचे, ऐकले. माझी निळी डबी साध्या खोक्यात गेली आणि खोक्यावर 'खेळणे, भेटवस्तू' अशी चिठ्ठी लागली. तशा नावाने मी विमानात बसलो.

मुंबईला सीमाशुल्काच्या गोदामात खोकी आतली वस्तू दाखवणाऱ्या एका यंत्राखालून जात होती. माझे खोके तिथून बाजूला काढले गेले. एका अधिकाऱ्याने ते उघडले, मला हातात घेतले, बटण दाबले. मी गुणगुणलो. त्यांनी निळ्या डबीवरची अक्षरे वाचली, मग खोक्यावरची चिठ्ठी वाचली.

"हे खेळणं नाही," ते सोबत्याला म्हणाले. "विचारा त्यांना."

मला एका लोखंडी मांडणीवर ठेवले. आजूबाजूला घड्याळे होती, कॅमेरे होते, एक छोटे ड्रोन होते. सगळ्यांचीच काही ना काही चौकशी चालू होती.

अमरनाथना संदेश गेला. पार्सलमध्ये नक्की काय आहे, कुणासाठी आहे, खरे बिल पाठवा. ते दुकानात गर्दीत होते. त्यांनी उत्तर दिले, खेळणेच आहे. पुन्हा संदेश आला, किमतीचा पुरावा जोडा. आता खरे बिल दाखवावे तर आधीचे खोटे उघडे पडते. त्यांना वाटले, थोडे थांबू, वस्तू लहान आहे, सोडून देतील. ते थांबले. मीही थांबलो. गोदामाचे भाडे मात्र वाढत राहिले.

औशाला फोनवर ते म्हणायचे, "येऊन राहिलंय, मामा. मुंबईत लई गर्दी हाय सध्या." ईश्वरप्पा फोनवर नखाने एकदा टकटक करायचे. हाव.

आधीच्या घरच्या गोष्टींसारखे यापुढचेही मी डोळ्यांनी पाहिले नाही. मी मांडणीवर होतो. ते मला नंतर ईश्वरप्पांकडून कळले, आणि त्यांनी ते माझ्याच आवाजात सांगितले.

औशाला नळाचे पाणी रोज येत नाही. त्या दिवशी ते अवचित आले. अंगणातल्या जमिनीखालच्या हौदाचे झाकण ईश्वरप्पांनी बाजूला सारले आणि नळी जोडायला ते फाटकाजवळ गेले. नळीचे तोंड निसटत होते, म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले. तेवढ्यात बसम्मा वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आल्या. रोजचीच वाट, रोजच्यासारख्या भरभर चालत. झाकण उघडे आहे हे त्यांना सांगणारा आवाज त्या घरात उरला नव्हता.

ईश्वरप्पांनी तोंड उघडले. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा बाहेर आली. त्यांनी नळी टाकली आणि धावले. आपण वेळेत पोचत नाही असे दिसताच जवळचा पितळी तांब्या उचलून फरशीवर फेकला, आवाजाने तरी त्या थांबाव्यात म्हणून. बसम्मा दचकल्या आणि आवाजाकडे वळल्या. वळताना पाय हौदाच्या कडेवरून गेला.

बुडाल्या नाहीत. कडेवरच आडव्या पडल्या. पण खुब्याचे हाड मोडले.

लातूरच्या दवाखान्यात अंबिका आणि अमरनाथ धावत आले. ईश्वरप्पांनी लेकीच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर दोनच शब्द होते. 'यंत्र कधी?' अंबिकाने नवऱ्याकडे पाहिले. अमरनाथनी मान खाली घातली आणि सगळे सांगून टाकले.

"मेसेज दाखवा," अंबिका म्हणाली.

तिने ते वाचले, पुन्हा एकदा वाचले.

"ह्यात कुणी धमकावलं न्हाई तुम्हाला," ती शांतपणे म्हणाली. "हे काय हाय, एवढंच विचारलंय. तेवढं सांगायचं होतं."

तिने खरे बिल काढले. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचे पत्र घेतले, वर्षाराणीबाईंचे घेतले, आणि चूक झाल्याचे स्वच्छ लिहून सगळे मुंबईला पाठवले. नंतर गोदामातून फोन आला. अधिकारी तेच होते.

"बाई, अशा साधनाला करात सवलत मागता येते," ते म्हणाले. "खरं नाव आणि डॉक्टरांचं पत्र आधी लावलं असतं, तर हे इतकं अडकलंच नसतं."

फोनचा आवाज मोठा होता. अमरनाथ दवाखान्याच्या बाकावर बसले होते. ज्या कराच्या भीतीने मला खेळणे केले, तो कर बहुधा लागणारही नव्हता. आता चुकीचे नाव लिहिल्याचा दंड आणि गोदामाचे भाडे भरावे लागले. ते त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. पण ईश्वरप्पांनी तांब्या फेकला होता, तो क्षण कुठे भरून येणार?

मी औशाला पोचलो तेव्हा बसम्मा खाटेवर होत्या. वर्षाराणीबाईंनी फोनच्या पडद्यावरून ईश्वरप्पांना शिकवले. मला कुठे टेकवायचे, बटण कधी दाबायचे, शब्द कसे सावकाश उच्चारायचे. सुरुवातीला माझा नुसताच गुंजारव व्हायचा. बसम्मा खाटेवरून म्हणाल्या, "घरात भुंगा शिरलाय का?" तिथून माझे नाव पडले.

एका दुपारी शब्द उमटले. घरात दोघेच होते. ईश्वरप्पा खाटेशेजारी बसले, मला गळ्याला लावले, आणि बसम्मांचे नाव घेतले. आमच्याकडे जुनी माणसे बायकोला नावाने हाक मारत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनीही कधी मारली नव्हती. माझा आवाज सपाट आहे, त्यात माया येत नाही. मला त्या क्षणी त्याची फार खंत वाटली.

बसम्मांनी हात पुढे केला. मला चाचपले, मग मला धरणारी बोटे चाचपली.

"तुम्हीच हाव न्हवं?"

"हाव." मग ते म्हणाले, "तांब्या मी फेकला."

"म्हायती हाय."

"थांब म्हणायचं होतं."

"ते बी म्हायती हाय. दुसरं कोण फेकणार?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. तशाच त्या म्हणाल्या, "मी वळाया नको होतं. पण इतक्या दिवसांत घरात आवाज झाला, मला वाटलं तुम्हीच."

ईश्वरप्पांनी मला पुन्हा गळ्याला टेकवले. माझे बटण दाबले गेले आणि मी शब्दांशिवाय गुणगुणत राहिलो.

त्याला आता काही वर्षे झाली, मित्रांनो. माझे कौतुकही झाले. मोंढ्यातली माणसे घरी येऊन मला ऐकून गेली. ईश्वरप्पांनी एकदा लिलाव पुकारून पाहिला, पण बोली चढते तसा माझा आवाज चढत नाही. लोक हसले नाहीत, हे त्यांना जास्त लागले. त्यानंतर ते मोंढ्यात गेले नाहीत. बसम्मा काठीच्या आधाराने न्हाणीपर्यंत जातात, त्याहून पुढे नाही. ईश्वरप्पा त्यांना पेपर वाचून दाखवतात, रस्त्याने कोण चालले ते सांगतात. "उंबरा हाय" म्हणायची वेळ मात्र येत नाही.

अमरनाथ बरेच दिवस सासुरवाडीला आले की ओसरीतच बसायचे. एकदा बसम्मांनी त्यांना आत बोलावून घेतले.

"मामी, माझी चूक झाली," ते म्हणाले.

"झाली, बापा," बसम्मा म्हणाल्या. त्यांनी ती नाकारली नाही आणि पुन्हा उगाळलीही नाही. "बसा. चहा घेऊन जावा."

अमरनाथनी चहा घेतला. जाताना ते अंगणातल्या हौदाला वळसा घालून गेले.

माझा रंग आता उडाला आहे, बटण झिजले आहे. कधीतरी मी बंद पडेन. त्याआधी एवढे ऐका. परदेशातून काही मागवायचे असेल तर वस्तूच्या किमतीबरोबर तिचा प्रवास, तिचा कर, तिच्यावरची सवलत हे सगळे आधी विचारून घ्या. परवडत नसेल तर थांबा, कुणाला तरी विचारा, पण तिचे खरे नाव लपवू नका. आणि कुणी साधा प्रश्न विचारला तर त्याला साधे उत्तर द्या, त्याच दिवशी. गोदामात पडून राहिल्याने वस्तूचे काही बिघडत नाही. मी औशाला पोचलो तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.