साच्याची माती

“ओढू नका, उचला त्याला!” मी ओसरीवरून दरडावले. किन्हीराजाहून आलेल्या ट्रकमधून माणसे हातपंप खाली ओढत होती. त्याचा दांडा बुडाशी मोडला होता.

इंद्रभानने तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला. “पुन्हा मोडला जी, बाई.”

तो माझ्या कारंजातल्या कारखान्याचा ओतारी. घर मात्र किन्हीराजाच्या बौद्धपुऱ्यात. ट्रकबरोबर आलेली त्याची बायको भागिरथा पदर खोचून उभी होती.

“तुमच्या पंपापरीस माहा दोर बरा व्हता,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता जा पाटलाच्या विहिरीवर. कोनाले दया आली तं वरून ओततीन, नाई तं बसा ऊन खात.”

इंद्रभानने मोडका दांडा उचलून बाजूला ठेवला. ते त्र्याहत्तरच्या दुष्काळाचे दिवस होते.

माझे यजमान रामराव यांनी पूर्वी एक विलायती पंप आणला होता. इंद्रभानने तो मातीत दाबून बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पंपाचा साचा उतरवला. त्याबरोबर विलायती कंपनीचे नावही उमटले आणि पहिले पंप ते परके नाव अंगावर घेऊनच गावोगावी गेले. पुढे तेथे आमचे नाव आले. त्याची उलटी अक्षरे कोरता कोरता इंद्रभान वाचायला शिकला.

बोअर खोदण्यासाठी आलेला एक स्वीडिश इंजिनीअर त्याच आठवड्यात कारखान्यात आला. मजुरांकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, “बाई, हा पंप एका घराचा. आमच्याकडे एक घर, एक पंप. इथे सगळा गाव. सकाळ ते रात्र.”

आम्ही त्यांचे यंत्र उचलले होते. ते कोणासाठी घडवले होते, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नव्हते.

साच्याच्या ओल्या मातीवरच त्याने बोटाने नवा पंप काढला. जाड पोलादी पत्रा, वेल्डिंग, दांड्याला साखळी.

इंद्रभान वाकून पाहत होता. “ह्याच्यात ओतायचं काय हाये, सायेब?”

साहेबाने आधी माझ्याकडे पाहिले. “काही नाही.”

मी तेथेच निर्णय दिला. मोडणारा पंप माझ्या दारातून बाहेर जाणार नव्हता. इंद्रभानला मी वेल्डिंग शिकण्याची आज्ञा केली. चार दिवसांनी तो समोर येऊन उभा राहिला. डोळे लाल, पाझरणारे.

“त्या उजेडात मले काईच दिसत नाई, बाई. जन्मभर भट्टीकडं पाह्यलं. आता डोये गेले.”

पहिला पोलादी पंप मी किन्हीराजाच्या बौद्धपुऱ्यातच बसवला. भागिरथाने नारळ फोडला, दांडा दाबला. पाणी आले. “हलका हाये वो बाई! लेकराच्या हातानंबी चालते!” ती हसत होती. इंद्रभानने सपाट पत्र्यावरून तळवा फिरवला. तेथे अक्षरे नव्हती. मग तोही ओंजळीने पाणी प्यायला.

मागण्या वाढल्या. भट्टी थंड पडली. जुने पंप भंगारात फोडण्यासाठी परत येऊ लागले. नवा वेल्डर उकंडराव घण घेऊन पुढे सरसावला, तेव्हा इंद्रभानने त्याचा हात धरला.

“राहू दे. तुह्या हातानं दहा घाव लागतीन.”

त्याने एकाच घावात पंप दुभंगला. बीड वाकत नाही. मग दुसरा, मग तिसरा.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याने ओतकामाची माती सारखी केली, झारीने तिच्यावर पाणी शिंपडले आणि ओले पोते पसरले.

“काहून भिजवून राह्यला, बुढ्या?” उकंडराव हसला. “उद्या कोनता साचा करतं?”

इंद्रभानने पोत्याचे कोपरे नीट दाबली. “माती वायली का उडते. बाईच्या डोयात जाईन.”

मी ओसरीवर होते. 

पाण्याची टंचाई होती, तरी दुसऱ्या दिवसापासून ती झारी भरून ठेवण्याची ताकीद मी घरात दिली.