लॉट पास

रंगरावांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. खडकीच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. मंडईतलं वांगं दाबून बघितल्याशिवाय त्यांच्या पिशवीत पडत नसे आणि दुधाची पिशवी उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय गॅसवर चढत नसे. "मला बघायला आला होतात तेव्हा दातसुद्धा मोजले असतील," असं त्यांची बायको सत्यशीला चारचौघांत म्हणायची, आणि ते नाकारायचे नाहीत.

असे हे रंगराव निवृत्त झाले आणि आयुष्यभराच्या नोकरीचा सगळा पैसा एका चेकच्या रूपानं त्यांच्या हाती आला. तो ठेवायचा कुठे? ते राहायचे त्या फॅक्टरीवाल्यांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक छोटी सहकारी बँक होती. पाटीवरचं नाव चांगलं दीड ओळीचं, पण सगळे तिला 'कॉलनीची बँक' म्हणत. सत्यशीलाचं म्हणणं, पैसा तिथेच ठेवा, आपली माणसं आहेत. पण त्या वर्षी पेपरात दर आठवड्याला कुठली तरी सहकारी बँक गोत्यात आल्याची बातमी असायची, आणि त्या बँकाही कुणाच्या तरी आपल्याच माणसांच्या होत्या. हा पैसा गेला तर दुसरा येणार नव्हता.

त्यांची मुलगी तनुजा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिनं बँकेचा वार्षिक अहवाल आणला आणि रविवारभर कॉम्प्युटरवर आकडे मांडले.

"बाबा, थकलेली कर्जं कमी आहेत. भांडवल पुरेसं आहे. संचालकांनी आपल्या मेव्हण्यांना कर्जं वाटलेली नाहीत. बँक एकदम सॉलिड आहे."

"अहवाल छापला कुणी?"

"बँकेनंच."

"झालं तर मग!"

"आणि एक लक्षात ठेवा," तनुजा चिडून म्हणाली, "कुठल्याच बँकेत सगळे पैसे ठेवलेले नसतात. ते कर्ज म्हणून लोकांकडे गेलेले असतात."

हे ऐकून तर रंगरावांची उरलीसुरली झोपही उडाली.

शेवटी त्यांनी फॅक्टरीचीच रीत वापरायची ठरवलं. तिथे तोफगोळ्यांचा लॉट तयार झाला की त्यातला एखादा घेऊन उडवून बघत. नीट फुटला की लॉट पास. कॉलनीच्या बँकेत त्यांची दहा हजारांची एक जुनी ठेव होती. ती मुदतीआधीच, न सांगता सवरता, मोडायला जायचं. मॅनेजरचा चेहरा पडला तर समजायचं, आत पोकळ आहे.

सोमवारी बँक उघडताच ते दारात हजर. मॅनेजर हेमा मॅडम कॉलनीतल्याच होत्या.

"जय भीम, काका. घरी सगळं ठीक ना?"

"जय भीम. ठेव मोडायचीय. आत्ता."

हेमा मॅडमनी व्याज किती कमी मिळेल ते समजावलं, सही घेतली आणि पंधरा मिनिटांत नोटा हातात ठेवल्या. चेहरा पडला नाही की आवाज चढला नाही. रंगराव खूश! बाजारात जाऊन त्यांनी मिसळ खाल्ली, तीही रस्सा न हुंगता. मग चेक भरायला परत फिरले.

बघतात तर बँकेतून रांग निघून पार मेडिकलच्या दुकानापर्यंत आलेली. म्हणजे आतली बातमी लोकांना कळली आणि आपल्यालाच नाही! ते धावतच रांगेच्या शेवटाशी पोचले. पुढे पासबुक घेऊन सत्यशीला उभी.

"तू इथे? काय झालं?"

"बँक बुडतेय म्हणे. कुणीतरी सकाळीच येऊन आपले पैसे काढून नेले."

"कुणी?"

सत्यशीलानं वळून त्यांना नीट न्याहाळलं. "अहो, तुम्हीच की!"

"पण तुझा तर बँकेवर विश्वास होता ना?"

"होता. पण तुम्ही काढलेत म्हटल्यावर मी कशाला ठेवू?"

इतकी वर्षं ज्या खोडीवरून तिनं रंगरावांची टर उडवली, त्याच खोडीवर भरवसा ठेवून ती उन्हात उभी होती. आणि तीच कशाला, अख्खी रांग उभी होती. कुणाच्या रिक्षाचं कर्ज या बँकेचं, कुणाच्या वाढवलेल्या खोलीचं. तनुजाची इंजिनिअरिंगची फीसुद्धा इथूनच गेली होती. पैसे लोकांकडे असतात ते असे. आत हेमा मॅडम एकेकाला पैसे देत होत्या, पण आता मात्र त्यांचा चेहरा पडला होता. रंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते पायरीवर चढले. "अरे, फॅक्टरीची माणसं ना तुम्ही? लॉटमधला एक उडवून बघायचा असतो! मी उडवला. नीट फुटला. आता तुम्ही अख्खा लॉट उडवून बघणार का?"

रांगेत कुणीतरी हसलं. मग मागून आवाज आला, "लॉट पास असेल, तर तुमचा फंड भरा की इथे!"

रंगरावांचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. ते मनातून घाबरले होते, अगदी लहान मुलासारखे. मग लोकांनी वाट करून दिली, आणि त्यांनी चेक काउंटरवर ठेवला. सकाळचे दहा हजारही त्यावर ठेवले. वळून न बघता ते बाहेर आले.

रांग विरळ होऊ लागली. कुणी उन्हाला नावं ठेवत गेलं, कुणी रंगरावांना. सत्यशीलानं पासबुक पिशवीत टाकलं आणि ती काउंटरशी गेली.

"यांची पावती द्या हो," ती म्हणाली. "आज घ्यायला विसरलेत."