खणातला नमुना आणि त्याचं झबलं

मी नमुना बोलतोय. हसू नका, "काय नमुना आहे!" म्हणून तुम्ही ज्याला नावं ठेवता तसला नव्हे. मी सिलिकॉनचा, मऊ, गोल, तळहातावर ठेवला की जरासा पसरणारा नमुना. प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या खणात राहतो. छाती मोठी करायची शस्त्रक्रिया करावी की नको, हे ठरवायला बायका इथे येतात आणि डॉक्टर मला त्यांच्या हातात देतात. "आत बसवतात ते असं असतं. बघा, दाबा, काय विचारायचं ते विचारा."

खरं तर माझा जन्म मोठ्या कामासाठी होता. साच्यातून निघालो, आत जेल भरलं, कडा बंद झाली. मग तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं आणि कपाळाला आठी घातली. माझ्या पोटात डाळीच्या दाण्याएवढा बुडबुडा होता. "हा शरीरात नाही जायचा," त्या म्हणाल्या. "नमुन्यांत टाका." माझी भावंडं ऐटीत डब्यांत बसून रवाना झाली आणि मी मागे राहिलो. फार वाईट वाटलं हो. डोळे असते तर धाय मोकलून रडलो असतो.

आज मात्र त्या बुडबुड्याचे आभार मानतो. भावंडांना जन्मभर एकेकच माणूस मिळालं, मला किती मिळाली! कुणी मला चिमटा काढला, कुणी उन्हात धरून पाहिलं. एका आजीबाईंनी तर वास घेतला. एका नवरोबांच्या हातात बायकोने मला ठेवलं, तेव्हा त्यांचे कान असे लाल झाले की डॉक्टरांनी पंखा वाढवला. कुणी ऑपरेशनला हो म्हणून गेलं, कुणी नको म्हणून, आणि दोन्ही प्रकारच्या बायका जाताना हलक्या होऊन गेलेल्या मी पाहिल्या.

पण मला सांगायचंय ते टेलरबाईंबद्दल.

त्या आल्या तेव्हा सोबत त्यांची नणंद होती. टेलरबाई चाळिशीच्या, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. नणंद वयाने लहान, पण तोंडाने भारी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच समजवा हिला. धडधाकट बाई आहे, उगाच कशाला चिरफाड?"

"आधी त्यांचं ऐकू या का?" डॉक्टर म्हणाल्या.

टेलरबाई खाली बघून बोलल्या. वयात आल्यापासून त्यांची डावी बाजू उजवीपेक्षा बरीच लहान. आईने तेव्हा "होईल नीट" म्हणून विषय मिटवला, तो कायमचा. मग त्या शिवायला शिकल्या आणि स्वतःचे सगळे कपडे स्वतःच शिवू लागल्या. "नवरा म्हणतो, मला काही फरक पडत नाही. चांगलाच आहे बिचारा. पण मला पडतो ना!" एवढं बोलून त्यांनी टेप गळ्यातून काढली आणि मुठीत गुंडाळली. नणंदेने खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. हे तिने कधी ऐकलेलंच नव्हतं.

डॉक्टरांनी खण उघडला. आम्ही लहानमोठे सगळे एका ओळीत पडलेले. टेलरबाईंनी आमच्यावरून नुसती नजर फिरवली आणि मला उचललं. "हा. माझा अंदाज चुकत नाही."

"अगं बाई, गार आहे!" लगेच हात झटकून त्या म्हणाल्या. मी कानकोंडा झालो. खणात दुसरं काय होणार?

"पडद्यामागे मऊ ब्रा ठेवली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या बाजूला हा ठेवा, वरून तुमचाच ड्रेस घाला आणि आरशात बघा. तपासणी मग करू."

टेलरबाई पडद्यामागे गेल्या. मला बसवलं, ड्रेस चढवला, बाहेर आल्या. आणि नणंदेने तोंडावर ओढणीच धरली.

"वहिनी! अगं, हे काय उलटंच झालं!"

आरशात डावी बाजू उजवीच्या दीडपट दिसत होती. टेलरबाई पाहतच राहिल्या. "असं कसं? माप तर बरोबर आहे..." मला मात्र कळलं होतं. माझ्या अंगावर काहीतरी दाटून बसलं होतं. नणंदेने पुढे होऊन ड्रेसची डावी बाजू चिमटीत धरली. "हे काय आहे आत?"

ते पॅड होतं. टेलरबाईंनी स्वतः कापलेलं, कापूस भरून अस्तराच्या आत इतकं सफाईने शिवलेलं, की बाहेरून टाकासुद्धा दिसू नये. प्रत्येक ड्रेसमध्ये तसंच. इतकी वर्षं, की ते आहे हे शिवणारीच विसरून गेली होती!

तिघी हसत सुटल्या. हसता हसता टेलरबाईंचे डोळे कधी भरून आले ते त्यांनाही कळलं नाही. "मला वाटायला लागलं होतं की मी अशीच आहे," त्या म्हणाल्या. नणंदेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग टेलरबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली आणि पडद्यामागे बसून पॅड उसवलं. आधी माझ्यासकट आरशात पाहिलं. मग मला काढून ठेवलं आणि नुसत्या ड्रेसमध्ये उभ्या राहिल्या. फार वेळ उभ्या राहिल्या.

तपासणी झाली. डॉक्टरांच्या टेपनेही माझंच माप आलं. त्यानंतर डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितलं. व्रण राहील. स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते. आजूबाजूला कडकपणा येऊ शकतो, आत बसवलेलं फाटू शकतं, म्हणून अधूनमधून तपासत राहावं लागेल. हे जन्मभर टिकतंच असं नाही, पुढे पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील, याची हमी नाही.

"मग तारीख कधीची देता?" टेलरबाईंनी विचारलं.

"आज नाही देत. पहिल्या भेटीत मी कुणालाच देत नाही. तुम्ही महिनाभर सगळे ड्रेस पॅडशिवाय घाला, दुकानातसुद्धा. मग या. 'नको' म्हणायला आलात तरी चहा पाजीन."

माझा जीव मात्र महिनाभर टांगणीला! खण उघडला की वाटायचं, त्याच आल्या.

आल्या एकदाच्या. नणंदही होतीच. ड्रेस साधा, पॅड नाही.

"कुणाला दिसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाला म्हणजे कुणालाच नाही! रोज माझ्यासमोर उभं राहून मापं देणाऱ्या बायका, एकीच्याही लक्षात आलं नाही. मी जगापासून लपवत होते, आणि जग बघतच नव्हतं."

"मग ठरलं तर! नको ना?" नणंद म्हणाली.

"करायचंय," टेलरबाई म्हणाल्या. "लोकांसाठी असतं तर आता गरजच उरली नसती. पण मला रोज दिसत होतं. म्हणजे हे माझं आहे, माझ्यासाठीच आहे. आणि धोके मला पाठ झालेत, म्हणून दाखवू?" त्यांनी खरंच एकेक म्हणून दाखवले. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तारीख दिली.

नणंदेने उसासा टाकला. "बरं बाई. मग त्या दिवशी मी सगळी कामं सोडून येणार. तुझ्याजवळ कोण बसणार दुसरं?"

निघताना टेलरबाईंनी मला हातात घेतलं, गळ्यातली टेप काढली आणि माझ्याभोवती आडवी-उभी फिरवली. "हे कशाला?" डॉक्टरांनी विचारलं. "काही नाही, सवय," म्हणून त्या गेल्या.

माझ्याच मापाचा, पण बुडबुडा नसलेला एक भाऊ आता त्यांच्यापाशी आहे. जखम भरल्यावर त्या दाखवायला आल्या, तेव्हा पर्समधून एक पुडी काढली. आत इवलंसं झबलं होतं, पातळ सुती, नाडीचं, माझ्या अंगाला चपखल बसणारं.

"त्या पॅडचंच कापड आहे," त्या म्हणाल्या. "ह्याला घाला. पुढच्या बाईला गार नको लागायला."

आजवर मी जगाला मापं देत आलो. माझं माप घेऊन माझ्यासाठी कुणी काही शिवेल, असं स्वप्नातही नव्हतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. जे कापड इतकी वर्षं लपवायच्या कामी आलं, ते आता अनोळखी बायकांचा हात सांभाळतं.

माझा रंग जरा पिवळट झालाय, एका बाजूला घडी पडलीय. कधीतरी डॉक्टर नवा नमुना आणतील, तेव्हा झबलं त्यालाच द्या, एवढी विनंती. तोवर बाई, तुम्ही कधी या खोलीत आलात, तर संकोच करू नका. मला दाबून बघा, मनात असेल ते सगळं विचारा, हो म्हणा, नको म्हणा, नाहीतर नुसत्या उठून घरी जा. घाई नाही. मी इथेच आहे, आणि आता गारही लागत नाही.