मीठ अर्धी वाटी

आजोबांनी मिठाची वाटी परातीवर तिरकी केली आणि हात तिथेच अडकला. निम्मं मीठ मैद्यात पडलं, निम्मं वाटीत राहिलं. उरलेलंही पाडायचा हुकूम त्यांनी मनगटाला दिला. मनगटाने तो ऐकला नाही.

“पूर्ण घातलंत ना, बाबा?” बाहेरच्या खोलीतून सूनबाईंनी विचारलं.

“घातलं की.”

आणि वाटीतलं मीठ त्यांनी मागच्या मागे डब्यात परत ओतलं.

आजोबांचं सगळं आयुष्य पावाच्या भट्टीवर गेलेलं. घमेलंभर मैद्याला मूठभर मीठ, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची गरज पडत नसे. मीठ जास्त झालं तर पाव फुगत नाही, गिऱ्हाईक मात्र फुगतं, असं ते भट्टीवरच्या पोरांना सांगत. आणि आता, हात थरथरायच्या वयात, ओंजळभर मैद्यात अर्धी वाटी मीठ घाला म्हणे. वर निळा रंग. शिवाय हे पीठ भाजायचं नाही, खायचं नाही, नुसतं चिवडायचं. मैद्याचा असा अपमान त्यांनी भट्टीवरच्या संपाच्या काळातसुद्धा पाहिला नव्हता.

पण गरज नातीची होती. नातीला घरात मुंगी म्हणत. मुंगीला हाताला ओलं, चिकट, खरखरीत काही लागलेलं खपत नसे. आईखेरीज कोणाचा हातही चालत नसे. बाप बोटीवर नोकरीला, म्हणजे त्याचा प्रश्नच नव्हता. मुंगी सकाळभर आजोबांच्या खोलीत राही, पण दूर, भिंतीला पाठ लावून, पाहुण्यासारखी. भूक लागली, हात धुवायची वेळ आली की आई हवी. म्हणून सूनबाई चष्म्याच्या दुकानात अर्धाच दिवस जात. मालकीणबाईंनी परवा गोड आवाजात सांगितलं होतं: महिनाअखेरपासून पूर्ण दिवस, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो.

थेरपीवाल्या बाईंनी उपाय सांगितला होता. विकत काही आणू नका, घरीच करा. रंगीत तांदूळ, साबणाचा फेस, खेळायचं पीठ. हातांची भीती गेली की ती माणसाचा हातही धरेल.

तांदूळ आजोबांनी हिरवे रंगवले, उन्हात वाळवले, वर निवडूनही घेतले. मुंगीने ताट पायाने उपडं केलं. अजूनही सूनबाईंच्या चपलेतून एखादा हिरवा तांदूळ निघे. फेस पाहून मुंगी आईच्या खांद्यावर चढली ती आंघोळीलाही उतरेना. राहिलं पीठ. ते एकदा तिच्या बोटाला चिकटलं आणि तिने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चौकशीला आले.

आजही तेच झालं. आजोबांनी गोळा पुढे केला. तिने एक बोट लावलं, बोटाबरोबर निळी तार निघाली, आणि तिने घर डोक्यावर घेतलं.

मुंगीला कडेवर शांत करत सूनबाईंनी दुसऱ्या हाताने गोळा उचलला. तो उचलला गेला नाही, लोंबला.

“बाबा, हे पीठ आहे की डिंक?”

“हवा दमट आहे.”

भट्टीवर काहीही बिघडलं की हवाच दमट असे. हे उत्तर त्यांनी अनेक मालकांना दिलं होतं. पण सूनबाईंनी बोट जिभेला लावलं.

“यात मीठ निम्मंच आहे.”

“तुला कसं कळलं?”

“थेरपीच्या बाईंकडे मी स्वतः करून बघितलंय म्हणून.” त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “मिठाने चिकटपणा जातो, बाबा. आठवडाभर टिकतंही. मी काही तुमची परीक्षा घेत नाहीये. मला फक्त नोकरी टिकवायची आहे.”

त्या पर्स घेऊन निघाल्या. मुंगी दाराकडे बघत राहिली, मग आपल्या भिंतीला जाऊन टेकली.

आजोबांनी पुन्हा परात घेतली. मैदा, तेल, उकळतं पाणी. मिठाची वाटी घेतली, डोळे मिटले आणि एखाद्याला विहिरीत ढकलावं तसं सगळं मीठ ढकलून दिलं. मळलं. गोळा असा झाला की पाहत राहावं. मऊ, गुळगुळीत, बोट दाबलं तर ठसा उमटे, बोटाला कणही लागत नसे. कारागीर कितीही रुसला तरी मालाला नावं ठेवू शकत नाही. त्यांनी त्याचं बदक केलं. चोचसुद्धा काढली.

“मुंगे, बघ. चिकटत नाही. हे बघ माझा हात.”

मुंगीने बदकाकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

“नको.”

“अगं हातच लाव नुसता.”

“नको.”

आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“मग घातलं कशाला मीठ!” आजोबा बदकावर ओरडले. बदक गप्प बसलं. बदकाची चूक नव्हती, आणि मुंगीवर ओरडायची सोय नव्हती. राग काढायला राहिला तो डब्यात टाकलेला मघाचा चिकट गोळा. तो फेकून द्यायला त्यांनी डब्यात दोन्ही हात घातले. गोळा निघाला नाही, हात मात्र मनगटापर्यंत निळे झाले. ओढलं तर ताणला, झटकलं तर लोंबला. शेवटी डबा तसाच सोडून ते पंख्याखाली जमिनीवर बसले, हात गुडघ्यांवर पसरून.

धुवायला ते उठले नाहीत. भट्टीवर कोणी पिठाचे हात धूत नाही. पिठाला पाणी दाखवलं की चिखल होतो. वाळू द्यायचं, मग चोळून काढायचं. आणि खरं म्हणजे उठायचं बळही नव्हतं. महिनाअखेर आली की दुकानात दुसरी बाई बसेल. आणि ते? ते बदकं करतील.

पीठ वाळू लागलं. आधी कडेने फिकं पडलं, मग बोटांच्या पेरांवर भेगा गेल्या. अंगठ्याजवळचा एक टवका उचकटून उभा राहिला.

भिंतीपाशी हालचाल झाली. आजोबांनी मान वळवली नाही. मांजर जवळ येताना वळवत नाहीत, तशी.

मुंगी एक पाय पुढे टाकत आली. उकिडवी बसली. टवक्याकडे कितीतरी वेळ बघितलं. मग दोन बोटांच्या चिमटीत धरून उचकटला. कट्‌ असा बारीक आवाज झाला. तिने टवका खाली ठेवला आणि पुढचा धरला. कट्‌.

आजोबांच्या नाकाला खाज सुटली. त्यांनी ती सोसली. पायाला मुंग्या आल्या, त्याही सोसल्या.

दाराची घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग किल्लीचा आवाज झाला.

“बाबा, झोपलात की क—”

सूनबाई एका पायात चप्पल, एक हातात, अशा दारातच थांबल्या. टेबलावर बदक होतं, डौलदार, कोणी न शिवलेलं. जमिनीवर निळ्या टवक्यांचा ढीग होता. मुंगीने आईकडे एकदा पाहिलं, ‘थांब जरा’ अशा नजरेने. आजोबांचा तळहात साफ झाला होता. तिने तो सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून उलटा केला आणि मागच्या बाजूला लागली.

सूनबाईंनी हातातली चप्पल आवाज न करता खाली ठेवली.

“मी पूर्ण मीठ घातलं होतं,” आजोबा कुजबुजले. “ते बघ बदक.”

“बाबा,” त्याही कुजबुजल्या, “उद्या निम्मंच घाला.”

“बघतो,” ओठ न हलवता आजोबा म्हणाले. “हाताने ऐकलं तर.”