बोटांचा कार्यभार

विषय : दोन्ही हातांच्या बोटांना स्पर्श न समजणे, व त्या अनुषंगाने घरात जमा झालेली बटणे, टोप्या आणि पेट्या यांबाबत.

संदर्भ : १) डॉक्टरांचा 'सर्व ठीक' असा शेरा. २) सौ. सीमा मानकर यांच्या वेळोवेळच्या तोंडी तक्रारी.

उपरोक्त विषयी नमूद करण्यात येते की, पंजाबराव मानकर, सेवानिवृत्त लिपिक-टंकलेखक, राहणार जठारपेठ, अकोला, यांच्या बोटांतला स्पर्श गेला तो एकदम नाही. सरकारी नोकराचं काहीच एकदम जात नाही. निरोपसमारंभात हातात दिलेली शाल लोकरीची आहे की पॉलिस्टरची हे त्यांना बोटांनी कळलं नाही, पण निरोपाची शाल पॉलिस्टरचीच असते, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पुढे वर्षभरात कपाची ऊब गेली, मग वर्तमानपत्राच्या कागदाचा खरखरीतपणा, मग दाढी केल्यावरची गालाची कातडी. बोटं हलत होती, धरत होती, सही करत होती. फक्त त्यांच्याकडून वर काही कळवलं जात नव्हतं. डॉक्टरांनी सुई टोचली, रक्त काढलं, साखर पाहिली आणि सर्व ठीक, वय झालं म्हणाले.

पंजाबरावांना या बोटांनी आता फार काही करायचं होतं असं नाही. पण चौतीस वर्षं ते ऑफिसातून आले की सीमाबाई कोमट तेलाची वाटी घेऊन समोर बसत आणि त्यांची दहाही बोटं एकेक करून चोळत, ओढत, मोडत. इतर बायका नवऱ्याच्या नावाने बोटं मोडतात, ही प्रत्यक्ष नवऱ्याचीच मोडते, असं पंजाबराव लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले होते, आणि त्यानंतर त्या घरात प्रेमाचा वेगळा उल्लेख करण्याची गरज पडली नव्हती. निवृत्तीनंतरही वाटी येतच राहिली. फरक इतकाच, की आता डोळे मिटले तर कुठलं बोट तिच्या हातात आहे हे त्यांना सांगता आलं नसतं, म्हणून ते डोळे उघडे ठेवत. हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. परत हवा होता तो एवढाच स्पर्श.

मुलगा नितेश पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. दिवाळीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक जाडजूड कीबोर्ड होता, हौसेने स्वतः जुळवलेला, ज्याच्या प्रत्येक कळीखाली वेगळा, खरा, स्प्रिंगचा स्विच होता. पंजाबरावांनी सहज बोट ठेवलं, दाबलं, आणि अर्ध्या वाटेवर काहीतरी बारीक अडलं, मोडलं आणि पुढे गेलं. दीड वर्षात त्यांच्या बोटाने पाठवलेला तो पहिला अहवाल होता.

मग हे सुरू झालं. नितेश लिंक पाठवायचा, पार्सलं यायची. सरळ खाली जाणारे स्विच, मध्येच अडखळणारे, टिकटिक करणारे. पंचेचाळीस ग्रॅम दाबाला खाली जाणारे आणि ऐंशी ग्रॅमखेरीज न हलणारे. पंजाबरावांनी ते सुपारीच्या रिकाम्या डब्यांमध्ये भरले, प्रत्येक डबीला क्रमांक दिला आणि सगळ्याची एक वही केली. कळांवरच्या टोप्यांच्या पिशव्या झाल्या, कळा बसवायच्या पत्र्याच्या, लाकडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या मिळून सहा पेट्या झाल्या. पण स्विच कुठलाही असो, चार दिवसांत बोटं त्याला सरावत आणि पुन्हा गप्प होत.

"अवो, एवढे बटनं कावून जमा करून राह्यले?" सीमाबाई म्हणाल्या. "एक शर्टाले लावा न. तिसरं बटन नाही त्याले, दिवाळीपासून सांगून राह्यली मी."

"ते वेगळे बटन असतात."

"हो, ते उपयोगाचे असतात."

नितेशनेच फोनवर सांगितलं की जाणकार लोक नवीन टोप्या घेत नाहीत, वापरलेल्या शोधतात. "बाबा, पयले हापिसात ते जड कीबोर्ड होते न, त्याइच्या टोप्या अन् स्विच आता लोक धुंडून राह्यले. तुमच्या इकडं भंगारात पडले असतीन."

अमरावतीला एक टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली होती. चालवणारे इनायतुल्ला मास्तर वारले होते आणि त्यांच्या बायकोने, आयशाबींनी, सामान काढायला घेतलं होतं. फेब्रुवारीत पंजाबराव एसटीने मूर्तिजापूरमार्गे तिथे गेले. खोलीत बाकं होती, भिंतीवर बोटांचा तक्ता होता आणि कोपऱ्यात जुने पिवळे पडलेले कीबोर्ड रचलेले होते. आयशाबी सत्तरीच्या, चष्म्याच्या, आणि मास्तरांच्या शिस्तीत मुरलेल्या.

"देखो भाऊ, कोनता घेता तो घेऊन टाका. पन रजिष्टरमंदी सही पाहिजे. मास्तरचा कायदा हाय, बिना सहीचा खिळाबी जात नाही इथून."

पंजाबरावांना बाई आवडल्या. त्यांनी एकेक कीबोर्ड उजेडात धरून पाहिला. वापरलेल्या टोपीवर अक्षर पुसलं जातं आणि बोट जिथे पडतं तिथे चकाकी येते, आणि चौतीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाला त्या चकाकीवरून हात ओळखता येतो. कोण कोवळा शिकाऊ, कोण परीक्षेपुरता, कोण पोटासाठी. सातव्या कीबोर्डापाशी ते थांबले. त्याची शब्दांमध्ये जागा सोडायची लांब पट्टी डाव्या बाजूला झिजली होती. जग ती पट्टी उजव्या अंगठ्याने मारतं. पंजाबराव डाव्याने मारायचे, त्यासाठी शिकताना त्यांनी पट्टीचे मार खाल्ले होते. डाव्या तर्जनीच्या कळांवरची चकाकीही तिरपी होती, लहानपणी बैलगाडीखाली सापडून वाकडं जुळलेलं त्यांचं बोट पडे तशीच. असाही एखादा असतो, असं ते स्वतःशी म्हणाले.

"हा कोण वापरे?"

"सब जन वापरे. नाव कोन लिहिते बोटाचं?"

रजिस्टर आलं. तपशील, नग, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. ज्या माणसाने आयुष्यात पन्नासएक कार्यभार दिले-घेतले, आणि शेवटच्या काही वर्षांत अपुऱ्या कर्मचाऱ्यांमुळे स्वतःच्याच एका टेबलाचा कार्यभार दुसऱ्या टेबलावर स्वतःलाच दिला, त्याचा हात अशा तक्त्यावर विचार करत नाही. पंजाबरावांनी दोन्ही रकान्यांत सही केली. आयशाबींनी चष्मा वर करून पाहिलं आणि शाई सुकायला वाळूच्या डबीतून चिमूटभर वाळू तिच्यावर टाकली.

घरी येऊन त्यांनी टोप्या धुतल्या, वाळवल्या, स्विचसकट अॅल्युमिनियमच्या पेटीत बसवल्या आणि मधल्या ओळीवर बोटं ठेवली. प्रत्येक बोट आपापल्या खळग्यात बसलं. आणि बोटांना कळलं. टोपीची कड, तिचा थंडपणा, मधली गुळगुळीत झीज, सगळं. पंजाबरावांनी 'महोदय' असा शब्द टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. त्यांना रडू वगैरे आलं नाही. फक्त चहा निवेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

आठवडाभर सगळं ठीक होतं. म्हणजे कीबोर्डावर ठीक होतं. नवव्या दिवशी सकाळी, कीबोर्ड बंद, हात मांडीवर, समोर वर्तमानपत्र, आणि त्यांच्या बोटांना ओलं पीठ लागलं. त्यांनी हात पाहिले. कोरडे होते. पण बोटं पीठ मळत होती, कडेचं ओढून मध्ये आणत होती, आणि थोड्या वेळाने पाण्याखाली धुतली गेली. सीमाबाई त्या वेळी भाजी निवडत होत्या. त्या घरात त्या दिवशी सकाळी पीठ मळलं गेलं नव्हतं.

पुढे ते रोजचं झालं. अकराच्या सुमारास संत्रं सोललं जाई. सालीचा तेलकट फवारा नखांच्या मुळाशी झोंबे. दुपारी एखाद्या कापडाची घडी, एकदा कुलपाची थंड कडी, एकदा कुणाचे तरी विंचरलेले दाट केस. पंजाबरावांनी वेळ आणि स्पर्श अशी नोंद ठेवायला सुरुवात केली, कारण नोंद ठेवली की घाबरण्याचं काम थोडं पुढे ढकलता येतं. ही बोटं सुखात होती, कामात होती, आणि कुठेतरी दुसरीकडे होती.

इकडचं मात्र काहीच येत नव्हतं, पूर्वी येत होतं तेवढंही नाही. एका संध्याकाळी त्यांनी चहाचं भांडं कापडाशिवाय उतरवलं आणि ओट्यापाशी तसेच उभे राहिले.

"अवो! सोडा ते!" सीमाबाईंनी भांडं हिसकावलं. त्यांनी नवऱ्याची बोटं पाहिली, फोड आलेली. मग चेहऱ्याकडे पाहिलं. "तुमाले लागलं नाही?"

"नाही."

"कवापासून?"

"निवृत्तीपासून."

सीमाबाईंनी बर्नॉलची ट्यूब शोधून आणली. मग खाली मान घालून मलम लावता लावता म्हणाल्या, "म्हंजे मी रोज तेल लावू लावू बसली, ते तुमाले काहीच समजे नाही?"

"दिसे."

"दिसे," सीमाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून तेलाची वाटी आली नाही.

पंजाबरावांनी चिमट्याने एकेक टोपी उपटली. उपयोग झाला नाही. टोप्या पिशवीत होत्या आणि बोटं संत्रं सोलतच होती. तेव्हा ते पिशवी घेऊन अमरावतीला गेले.

"परत घेतला जात नाही भाऊ," आयशाबींनी रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. "पाहा तुमी. देनाराबी तुमी, घेनाराबी तुमी. माझं तं याच्यात कायबी नाही."

पंजाबरावांनी पाहिलं. दोन्ही सह्या त्यांच्याच होत्या. देणाऱ्याची सही गेल्या दोन वर्षांत ते करत तशी, थोडी थरथरती, शेवटचा फराटा अर्ध्यावर सोडलेली. घेणाऱ्याची सही सरळ, दाबून केलेली, शाई कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली. अशी सही ते अखेरची केव्हा करत होते हे त्यांना आठवेना.

"चुकून झालं. नोंद रद्द करा न बाई."

"मास्तर असते तं केली असती. मी कोन?" आयशाबींनी एक कोरा कागद पुढे केला. "अर्ज देऊन ठेवा. रजिष्टरमंदी लावून ठेवते. ते आले की सांगते."

"कोण आले की?"

"घेनारा," आयशाबी म्हणाल्या. "सामान नेलं, पन पावती राह्यली त्याची. येतेच मानूस पावतीसाठी."

पंजाबरावांनी अर्ज लिहिला. विनंती एका वाक्याची होती : माझी बोटे मला परत मिळावीत. बाईंनी त्यावर मास्तरांचा शिक्का मारला आणि तारीख टाकली.

एप्रिल लागला. जठारपेठेच्या चौकात भाजी घेऊन परतताना वाहनं थांबेनात, तेव्हा सीमाबाईंनी कित्येक दिवसांनी नवऱ्याचा हात धरला. पंजाबरावांनी खाली पाहिलं. तिची बोटं त्यांच्या बोटांत होती, हे दिसत होतं. त्याच क्षणी त्यांच्या बोटांत एक हात आला. लहान, उबदार, तळव्याला किंचित घट्टे असलेला, बायकोचा नसलेला. तो हात विश्वासाने आत सरकला आणि थांबला, जसा ओळखीच्या जागी थांबतो. पंजाबरावांनी हळूच तो दाबला.

सीमाबाईंनी चमकून वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "आलं न? समजलं तुमाले?"

"हो," पंजाबराव म्हणाले.

त्या रात्री तेलाची वाटी पुन्हा आली, आणि त्यानंतर रोज येते. पंजाबराव आता डोळे मिटून बसतात. अमरावती येथे सादर केलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे. अर्जदाराकडून स्मरणपत्र पाठवण्यात आलेले नाही.