दोष कात्रीचा

मी कात्री बोलतेय. दुधाची पिशवी कापणारी घरातली चिमुकली नव्हे, शिंप्याची, दहा इंची, पोलादी. स्वभाव फारसा गोड नाही, तेव्हा बोलताना कुठे लागलं तर सांभाळून घ्या.

भट्टीतून निघाले, ऐरणीवर ठोके खाल्ले, सहाणेवर घासले गेले. माझी मूठ उजव्या हातासाठी घडवलेली. डाव्या हातात गेले की मी कापड कापत नाही, चावते. हा माझा जन्माचा दोष, आणि तो मी कबूल करते. पुढे ज्या दोषाचं खापर माझ्यावर फुटलं, तो मात्र माझा नव्हता.

मास्तरांनी मला घेतलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. त्याला एकतीस वर्षं झाली. दुकान लहानसं: कापायचं टेबल, दोन मशिनं, खिळ्याला टांगलेले कागदी नमुने. कागदानं धार जाते, म्हणून मास्तरांनी मला कधी कागदाला लावलं नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं माझ्यानं पाकीट कापलं, तर कोट तयार होईपर्यंत मास्तर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

शिकायला येईल त्याला त्यांचा पहिला धडा ठरलेला. "सुई टोचली तर हात ओढायचा नाही. ओढलास की कापड फाटलंच. आधी सुई काढ, मग काय बोंबलायचं ते बोंबल." एकदा मशिनची सुई त्यांच्याच नखातून आरपार गेली. त्यांनी दुसऱ्या हातानं चाक फिरवून ती वर घेतली आणि बोट तोंडात घातलं. पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका नाही. तोंडातून हूं की चूं नाही. तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता!

त्यांचा मुलगा परगावी नोकरीला. सून सासऱ्यांजवळ राहते. यंदा ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागली. घरोघर जाऊन रक्त घ्यायचं काम. तिसऱ्या आठवड्यात तिच्या वरच्या मॅडम तिचं काम बघायला येणार होत्या. पोरगी रात्र रात्र उशीला सुई टोचून सराव करायची. मास्तरांची साखर तपासायची होतीच. ते म्हणाले, "माझंच घे की. घरचा हात आहे, घाबरायचं काय त्यात?"

ठरलेल्या दिवशी सकाळी सून आणि मॅडम दुकानात आल्या. मास्तरांनी उजवा हात टेबलावर ठेवला, माझ्या शेजारीच.

"बाबा, मूठ आवळा," सून म्हणाली.

त्यांनी सवयीनं माझी मूठ धरली. सुई आत गेली, पण रक्त येईना. मॅडमनी घड्याळात पाहिलं. पोरीच्या कपाळावर घाम. तिनं सुई आतल्या आत जराशी फिरवली. त्या क्षणी मास्तरांच्या बोटांतून असा काही झटका आला की मी टेबलावर खडखडले. तीन बोटं ताठ झाली. हात मात्र तसूभर हलला नाही.

"दुखतंय का बाबा?"

"छे! मुंगी चावल्यासारखं. चालू दे तुझं."

नळी भरली. मॅडम म्हणाल्या, "छान, जमलं हं." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर हसले. खरं काय झालं ते फक्त मला माहीत होतं, आणि मला कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हाताची आग आग होऊ लागली. कोपरापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या, मध्येच कळ. मला उचलताना बोटं सुटायची. आठवडाभर त्यांनी अंगावर काढलं, मग डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर सुनेनं विचारलं तर म्हणाले, "कात्रीनं झालंय. एवढी वर्षं जड कात्री चालवली, हात भरून आला. विश्रांती घ्या म्हणाले."

माझ्यानं! एकतीस वर्षं मी त्यांच्या हातात होते, कधी ओरखडा काढला नाही. पण म्हणतात ना, आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीला जपायचं म्हणून त्यांनी डॉक्टरांनाही खोटंच सांगितलं होतं. मग उपचारही खोट्या दुखण्यावरच झाले. मनगटाला पट्टा, मलम, शेक. दोन महिने असेच गेले.

एका गिऱ्हाइकाचा कोट अडला होता. न राहवून मास्तरांनी मला उचललं. पाठीचा भाग अर्धा कापला आणि कळ आली. अंगठा सुटला, मी सरळ रेघ सोडून आत घुसले. मग त्यांनी डाव्या हातानं धरलं. मी चावले. काय करणार, मला दुसरं येतच नाही. कापड वाया गेलं. त्या संध्याकाळी दारावर कागद लागला: कटिंग बंद.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी आपले शर्ट टेबलावर आणून टाकले.

"सूनबाई, यांची उजवी बाही काप बघू."

"अहो, चांगले शर्ट आहेत!"

"बाही लागली की आग होते गं. नुसतं कापड टेकलं तरी."

जन्मभर कापडात वावरलेल्या माणसाला कापड सोसेना. पोरीनं मला दोन्ही हातांनी उचललं.

"अशी हवेत नाही. खालचं पातं टेबलाला टेकव."

"कुठपर्यंत कापू?"

"कोपराच्या वर. हे बघ, इथून सुरू होतं." त्यांनी कोपराच्या घडीवर बोट ठेवलं.

मी उघडी होते, ती तशीच राहिले. सून त्या जागेकडे बघत होती. रक्त काढून झाल्यावर तिथेच तिनं कापसाचा बोळा दाबला होता.

"बाबा, कात्रीचं दुखणं इथून कसं सुरू होईल?"

मास्तर शर्टाची घडी सारखी करू लागले.

"त्या दिवशी मी सुई फिरवली तेव्हा काही झालं होतं का? खरं सांगा."

"हातातून वीज चमकून गेली, पोरी. पार बोटांपर्यंत."

"मग बोलला का नाहीत? मी तिथल्या तिथे काढली असती सुई. शिकवलंय आम्हाला."

"तुझ्या मॅडम उभ्या होत्या. आणि सुई आत असताना हात ओढायचा नसतो."

"हात ओढायचा नव्हताच, बाबा. नुसतं बोलायचं होतं." आणि ती त्या शर्टावर डोकं ठेवून रडली.

आता वेगळे डॉक्टर आहेत. सुईनं रक्ताच्या शिरेशेजारचा मज्जातंतू दुखावला, म्हणाले. त्याची गोळी आहे, स्पंज दाबायचा व्यायाम आहे. मज्जातंतू हळूहळू भरतो म्हणतात. किती भरेल ते सांगता येत नाही, अन् थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं, असंही डॉक्टर म्हणाले. एका बाहीच्या शर्टांना सुनेनं घातलेली शिवण वाकडी आहे. मास्तर निमूट घालतात.

परवा शेजारच्या चष्मेवाल्याचं रक्त तिनं याच टेबलावर घेतलं. सुई लावण्याआधी म्हणाली, "करंट लागल्यासारखं झालं तर लगेच ओरडा."

तो हसला. "एवढ्याशा सुईला काय ओरडायचं?"

कोपऱ्यातून मास्तरांनी उघडा हात वर केला. "ओरड बाबा. मी नाही ओरडलो."

चष्मेवाल्याचं हसू मावळलं.

मी खणात असते, तेलाच्या फडक्यात. रोज सकाळी मास्तर मला बाहेर काढतात, बोटं घालतात, एकदा उघडतात आणि मिटण्याआधीच खाली ठेवतात. दोष माझा नव्हता हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरं सांगू? त्यांचा हात बरा होणार असेल तर दोष माझाच होता म्हणा. माझी काही हरकत नाही.