येसूमावशींचं गोडं पाणी

मित्रांनो, मी एक जुना विदूषक मासा आहे. अंग केशरी, त्यावर पांढरे पट्टे. मुक्काम सोलापूर, शुक्रवार पेठ, दातांच्या दवाखान्यातली काचेची पेटी.

जन्म मात्र दूर दक्षिणेच्या समुद्रातला, रंगीत प्रवाळांच्या खडकांत. तिथे एका समुद्रफुलात आमचं घर होतं. त्याच्या पाकळ्या इतर माशांना डसतात, आम्हाला कुशीत घेतात. मला पकडून आणलं तेव्हा असंच एक फूल सोबत आलं. माझ्या समुद्रातलं माझ्याजवळ उरलं ते एवढंच.

इतकं देखणं रूप, तरी मी जळायचो. कोणावर? शेजारच्या भांड्यातल्या गोल्डफिशवर! दवाखाना झाडणाऱ्या येसूमावशी त्याला 'राजा' म्हणायच्या. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तरी राजासाठी हंडाभर राखलेलं असायचंच. माझ्या पेटीला हात लावायचा नाही, अशी बुद्धप्रिया डॉक्टरांची ताकीद. माझं खारं पाणी त्या स्वतः कालवायच्या. त्याचं मला काय कौतुक? मला राजाचं पाणी हवं होतं.

एकदा डॉक्टर गावाला गेल्या. मावशी माझ्यापुढे थबकल्या. "त्यो राजा गोडं पितोय, आन् तू काय पाप केलंस रं लेकरा?" असं म्हणून त्यांनी माझं निम्मं पाणी उपसलं आणि घरून प्यायला आणलेली कळशी पेटीत ओतली. मी राजासमोर शेपटी मिरवून घेतली.

थोड्याच वेळात मला धाप लागली. ती सोसली असती. पण फूल आक्रसत चाललं, पाकळ्या लोंबल्या. मी कुशीत शिरायला गेलो, तर मला धरायला तिथे कोणी नव्हतं.

मावशींनी घाबरून फोन लावला. डॉक्टर रागावल्या नाहीत. कपाटातलं समुद्राचं मीठ बादलीत किती कालवायचं, पेटीत किती सावकाश सोडायचं, ते सांगत राहिल्या. मावशी एका हाताने ओतत होत्या, दुसऱ्याने डोळे पुसत होत्या.

मी वाचलो. फुलाच्या निम्म्या पाकळ्या गेल्या. उरलेल्यांत कसाबसा मावतो.

मित्रांनो, माया जरूर करा, पण आधी त्या जिवाचं घर कसं आहे ते विचारून घ्या. आता दवाखान्यात आलेलं एखादं पोर पेटीत बाटलीतलं पाणी ओतायला गेलं, की मावशीच अडवतात, "न्हाय बाळा, त्येचं घर खारं हाय."

शेजाऱ्याला त्या अजून 'राजा'च म्हणतात. पण मला 'लेकरा' म्हणाल्या होत्या ना! ते त्याने ऐकलं असावं. हल्ली तो काचेला तोंड लावून सारखा माझ्याकडेच बघत असतो.